झाली का रे बोट?

नव्याकोऱ्या क्रूझवर आठ दिवस फिरायचं ठरलं, तेव्हा हृषीकेश आणि लीनाने अण्णांना तेवढ्यापुरतं शिर्डीजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं. पण तिकडे इटलीत बोटच बांधून होईना. कंपनीने दोनदा तारीख पुढे ढकलल्यावर दोघांनी बुकिंग रद्द केलं. अण्णांना सांगायचं तेवढं राहिलं. सावेडीच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या पलंगाच्या जागी ट्रेडमिल आली.

दर रविवारी अण्णांचा फोन यायचा. हृषीकेश ट्रेडमिल बंद करून तो घ्यायचा.

"झाली का रे बोट?"

"नाही ना अण्णा. वेल्डर गावी गेलेत."

"आता मधेच?"

"लग्नसराई आहे."

"इटलीत?"

"तिकडेपण असते, अण्णा."

फोनवर कुणाला दिसत नसलं, तरी हृषीकेशने मान खाली घातली.

"असेल, असेल," अण्णा म्हणाले. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. इथे माझ्या खोलीत आणखी तिघं आहेत. त्यांच्या पोरांच्याही बोटी अजून बांधून व्हायच्यात."