सव्वातीनपर्यंत

तीनला पाच मिनिटं कमी असताना कॉम्प्युटरनं वाचनालयात पोरांना शिकवणाऱ्या ओफोसूला कळवलं, की प्रोग्रॅम बसला नाही. त्याला आधी आणखी तीन फाइली हव्यात.

शेजारच्या खुर्चीत असाबेआ बसली होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिचा भाऊ ओबुओबी जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात पडून होता, उद्या सकाळी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्या वॉर्डात स्वतःचा फोन नेता येत नसे. भेट व्हायची ती हॉस्पिटलच्या पडद्यावर, त्यांनी नेमून दिलेल्या प्रोग्रॅममधूनच, तीन ते सव्वातीन.

आई जाऊन नऊ दिवस झाले होते. ती अजून शवागारातच होती, कारण थोरल्या मुलाला, ओबुओबीला, अजून कळवलंच नव्हतं आणि त्याला विचारल्याशिवाय दफनाची तारीख ठरणार नव्हती. नर्सकरवी निरोप देऊ, असं सगळे म्हणाले. असाबेआनं छातीवर हात आपटून सांगितलं होतं : मी सांगेन.

"मास्तर, तुमच्या फोनवर नाही का होत?" दारात उभ्या असाबेआच्या डेडेमावशीनं विचारलं.

"फोन जुना आहे, मावशी. घेत नाही."

"मग ह्या डबड्याला काय धाड भरलीय?"

दोन वर्षांपूर्वी ओफोसूनंच घानातल्या न्सावाम गावच्या ह्या वाचनालयातल्या नऊही कॉम्प्युटरांवरची चोरीची विंडोज पुसून लिनक्स घातलं होतं. फुकट, उघडं, कुणाचं मिंधं नाही, असं भाषणही ठोकलं होतं.

"पूर्वी चोरीचं होतं, पण चालायचं तरी," मावशी म्हणाली. "वडीलधारे तारखेसाठी घरी ताटकळलेत. मी त्यांना फोन लावते." ती ओसरीवर गेली.

त्यानं दुरुस्तीची आज्ञा दिली. कॉम्प्युटरनं इमानानं दुरुस्ती केली, म्हणजे अर्धवट बसलेला प्रोग्रॅमच काढून टाकला. तीन वाजून दोन मिनिटं. ओफोसूनं फाइली एकेक करून उतरवल्या, प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून बसवला. कंपनीच्या अटींची लांबलचक यादी आली. न वाचता 'मान्य' म्हणू नका, असं तो पोरांना रोज बजावायचा. त्यानं न वाचता 'मान्य' दाबलं.

काळी खिडकी उघडली. प्रोग्रॅमला कॅमेरा सापडेना. असाबेआनं त्याची बाही धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. तीन वाजून नऊ मिनिटं. त्यानं सगळं बंद करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि तो उठेपर्यंत टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

तीन वाजून अकरा मिनिटांनी ओबुओबी दिसला. गाल बसलेले, नाकात नळी. आवाज येत नव्हता. ओफोसू घाईघाईनं आवाजाची जोडणी उघडायला गेला, तसा त्या चौकटीखाली ओबुओबीचा चेहरा झाकला गेला. असाबेआनं त्याचा हात झटकला. तेव्हा त्याला उमगलं, आवाज हवाय कुणाला?

ओबुओबीचा एक हात सलाइनसाठी पलंगाला बांधलेला होता. मोकळ्या हाताचा अंगठा त्यानं हनुवटीला लावला. आई. मग भुवया वर : कशी आहे?

असाबेआचे दोन्ही हात वर आले आणि तसेच थांबले. ती भावाच्या नळीकडे बघत होती. मग तिनं बोटं तोंडाशी नेली, पोटावरून हात फिरवला, मान डोलावली. जेवते. बरी आहे. तुझी वाट बघतेय.

ओबुओबी हसला. सव्वातीनला खिडकी आपोआप मिटली.

मावशी फोन कानाला तसाच धरून आत आली. "काय म्हणाला? पुरायचं कधी?"

असाबेआनं ओफोसूकडे पाहिलं.

"लागलंच नाही, मावशी," तो म्हणाला. "आमचं डबडंच तसलं."