घरच्या घरी

घड्याळदुरुस्तीच्या टपरीत तांबोळींनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं आणि विचारलं, "पाणी कधी गेलं?"

"तीन आठवडे झाले," मोघे म्हणाले. वडिलांच्या अस्थी नदीत सोडताना त्यांचंच घड्याळ मोघ्यांच्या मनगटावर राहून गेलं होतं. "तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. तांदूळ पाणी ओढून घेतात म्हणे."

"तांदळाचा भात होतो साहेब, घड्याळ दुरुस्त होत नाही. चाकं गंजून एक झालीत. दुसऱ्या दिवशी आणलं असतंत, तर तासाभराचं काम होतं."

मोघ्यांनी मान खाली घातली. असंच वाक्य त्यांनी गेल्या महिन्यातही ऐकलं होतं. तेव्हा समोर डॉक्टर होते आणि पाणी वडिलांच्या छातीत झालं होतं. त्यांचा खोकला मोघ्यांनी तीन आठवडे अडुळशाच्या काढ्यावर आणि ओव्याच्या शेकावर काढला होता. "डॉक्टर कशाला? घरच्या घरी बरं होईल," असं त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं होतं, की म्हाताऱ्यानेही पुढे कुरकुर केली नाही.

बंद घड्याळ खिशात घालून मोघे घरी आले. स्वयंपाकघरात बायको खोकली. त्यांनी ठेवलेली स्कूटरची किल्ली पुन्हा उचलली.

"चल, डॉक्टरांकडे."

"अहो, मिरचीची फोडणी दिलीय! नुसता ठसका लागला."

"तरी चल," मोघे म्हणाले. त्यांनी गॅस बंद केला आणि तिच्या चपला दारात आणून ठेवल्या.