हात मांडीवर

परीक्षेत रंजिता पावराने विमान वाचवलं, आणि तिथंच तिचं चुकलं.

पडद्यावरचं विमान आपलं आपण डोंगरावर चाललं होतं. तिने दांडी ओढून ते वर घेतलं.

"हात लावला. नापास," विमान कंपनीचे बर्वे म्हणाले.

"अहो, यंत्र चुकलं होतं की," खैरनार सर म्हणाले. तालुक्याच्या कॉलेजात हा वैमानिक वर्ग त्यांनीच उभा केला होता.

"यंत्र लाखात एकदा चुकतं, सर. माणूस रोज चुकतो. प्रवाशांना पुढं कुणी बसलेलं दिसलं म्हणजे झालं. आम्हाला हात मांडीवर ठेवणारी पोरं द्या, नाहीतर आम्ही दुसरं कॉलेज बघतो."

बाकीच्या एकोणतीस पोरांच्या नोकऱ्या बर्व्यांच्या हाती होत्या. सरांनी 'नापास' लिहिलं.

रंजिता दारात थांबली. "मग सर, तुम्ही हाताने उडवायला शिकवलंत कशाला?"

"माझी जुनी खोड, पोरी."

पुढचा भूषण येऊन बसला. समोर तोच डोंगर आला. पोराने दांडीकडे पाहिलं, पण हात मांडीवरून हलले नाहीत. विमान आदळलं आणि पडदा काळा झाला.

सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.