चौदा नंबरचा कॅमेरा

"ताई, या कार्डातले माणसांचे फोटो आज पुसू नका," वाटाड्या म्हणाला आणि उभाच राहिला.

मुलीनं कार्ड हातात घेतलं. वन्यप्राण्यांसाठी काम करणाऱ्या या संस्थेत ती सहा महिन्यांसाठी इंटर्न म्हणून आली होती. जंगलातले फोटो निवडायचे, खाली दोन ओळी लिहायच्या, वस्तीतल्या आदिवासींच्या गोष्टी बाहेरच्यांपर्यंत पोचवायच्या, हे तिचं काम. वाटाड्या त्याच वस्तीतला. झाडांना बांधलेले, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे तो सांभाळायचा आणि दर पंधरवड्याला त्यांतली कार्डं आणून द्यायचा. आठ दिवसांपूर्वी त्याची आई तापानं गेली. त्यानंतर आजच तो ऑफिसात आला होता.

"बसा ना, दादा."

"आई चौदा नंबरच्या कॅमेऱ्याच्या वाटेनंच लाकडं आणायला जायची. एखाद्या फोटोत आली असेल तर बघायची होती. घरात तिचा फोटो नाही. ओळखपत्रावरचा आहे, पण त्यावरून तिला कोणी ओळखणार नाही."

जंगलातून लाकूडफाटा आणणारं माणूस उद्या वनखात्याच्या तावडीत सापडू नये, म्हणून माणसांचे फोटो न बघताच पुसायचे असा नियम होता. वस्तीनंच तो मागून घेतला होता. कॉम्प्युटर प्राणी एकीकडे आणि माणसं दुसरीकडे काढून द्यायचा. माणसांचा फोल्डर मुलगी एका बटणासरशी रिकामा करायची. पाच महिन्यांत तिनं त्यात कधी कुचराई केली नव्हती.

आज तिनं तो उघडला. तीनच फोटो होते. तारीख ताप चढायच्या आदल्या दिवशीची.

पहिल्यात वाकलेली पाठ, हातात विळा, बाजूला कापलेल्या गवताचा ढीग. दुसऱ्यात नुसतं फडकं, अख्खा फोटो झाकून टाकणारं. तिसऱ्यात म्हातारीचा चेहरा, अगदी जवळून. झोपलेल्या लेकराकडे वाकून बघावं, तशी ती कॅमेऱ्यात बघत होती.

वाटाड्या स्क्रीनकडे वाकला.

"गवत कशाला कापतेय ही?" त्यानं विचारलं. मग त्याचं त्यालाच उमगलं. "मीच बोललो होतो एकदा जेवताना. समोर गवत हललं की कॅमेरा उगाच फोटो काढत बसतो, बॅटरी संपते आणि बोलणी मला बसतात."

"सर तर दर बैठकीत तुमचं कौतुक करतात. चौदा नंबरसारखा कॅमेरा ठेवा म्हणून."

"मला वाटायचं, तिथे गवतच कमी उगवतं."

"दादा, आधीच्या कार्डांमधले फोटो मी…"

"पुसले असतील. नियमच आहे तो."

"किती होते ते वहीत लिहिलंय." हे आपण का बोललो, तिलाच कळलं नाही. पण बोलून गेली होती. तिनं वही ओढली आणि चौदा नंबरसमोरचे आकडे बोटानं मोजत गेली. अक्षर तिचंच होतं, नीटनेटकं. "दोनशे दहा. सगळे त्यांचेच असतील असं नाही, पण…"

"त्या वाटेनं दुसरं कोणी जात नाही. एका वेळी तीन निघतात ना?"

"हो."

त्यानं जमिनीकडे बघत हिशेब केला.

"सत्तर वेळा," तो म्हणाला. "आणि मला एकदाही बोलली नाही."

संस्थेचे प्रमुख असलेले सर चहाचा कप घेऊन केबिनमधून बाहेर आले होते, ते तिच्या खुर्चीमागे थांबले. मुलीनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आवाजात खोटं काही नव्हतं.

"वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर हाच घेऊया. यांची परवानगी घे. मजकूर तूच लिही, तुझ्या नावानं."

पाच महिने तिचा प्रत्येक मजकूर त्यांनी एकच शेरा मारून परत केला होता: यात माणूस दिसत नाही. या फोटोखाली काय लिहायचं, ते तिला आत्ताच, बसल्या जागी सुचत होतं. परवानगीचा कागद हाताशीच, खणात होता. तिनं खण उघडला नाही.

"दादा, छापायचा का हा?"

"नको, ताई. ती कॅमेरा पुसायला गेली होती. फोटो काढून घ्यायला नाही."

"अहो, पण लोकांना कळायला हवं," सर म्हणाले. "इतकं मोठं काम…"

"सर, ते नको म्हणाले."

ती सरांचं बोलणं पहिल्यांदाच तोडत होती. सर "बरं" म्हणाले आणि कप तसाच हातात धरून तिथेच उभे राहिले.

मुलीनं कपाटातून जाड कागद काढला, प्रिंटरमध्ये घातला. "एकच काढते. तुमच्यापुरता. मग इथला पुसून टाकते."

"तुमच्या हातानंच पुसा," वाटाड्या म्हणाला.

प्रिंटर जुना होता. घरघरायचा, थांबायचा, बोटभर कागद पुढे सरकवायचा. आधी डोक्याचं फडकं आलं. मग कपाळ. वाटाड्या उठून जवळ गेला. जेमतेम डोळे बाहेर आले होते, तोच त्यानं दोन्ही हात कागदाखाली धरले.