बुधवारचे वीस परवाने

डोहात पोहायला रोज फक्त वीस जणांना परवाना मिळायचा आणि त्यासाठी खिडकीवर झुंबड उडायची. तरीही गेले तीन बुधवार वीसच्या वीस परवाने एकाच घराच्या नावावर जात होते. काका, मावश्या, आत्या, सगळा गोतावळा! प्रत्यक्षात फाटकातून आत जायच्या दोघीच, आई आणि भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली तिची तरुण लेक.

"बाकीचे कुठं आहेत हो ताई?" फाटकावरच्या पहारेकरीण बाईनं विचारलं.

"येतायत मागून," आई नजर चुकवत म्हणाली.

"काळाबाजार आहे बाई हा. रंगेहाथ पकडा," साहेबांनी फोनवर बजावलं.

बाई दबक्या पावलांनी दोघींच्या मागोमाग गेली आणि खडकाआडून पाहू लागली. लेकीनं चहूकडे नजर फिरवली, मग सदरा उतरवला. मानेपासून कमरेपर्यंत तिची पाठ भाजल्याच्या व्रणांनी भरली होती.

"कुण्णी नाही गं. जा," आई म्हणाली, आणि पोरीनं हसत सूर मारला.

बाई आल्या पावली परतली. फाटकाशी पोचते तोच फोन वाजला.

"काय, सापडलं का काही?"

 

"नाही साहेब. वीसही जण पाण्यात आहेत."