गोळीवरचा चरा

इरावती चालायला लागल्यापासून नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या घराचा माळा नीरजाला झोपू देत नव्हता. नेमबाज नवरा तिथे स्वतःच काडतुसं भरायचा. "हे सगळं घराबाहेर ने," असं आज सांगायचंच, म्हणून लेकीला कडेवर घेऊन ती दारात उभी राहिली. त्याचं लक्ष नव्हतं. काडतुसात गोळी बसवणाऱ्या डायची, म्हणजे पोलादी साच्याची, कड बोचून प्रत्येक गोळीवर चरा उठत होता. त्याने ती कड पॉलिश कागदाने घासली, रिकाम्या काडतुसात गोळी दाबली, भिंगाखाली धरली, पुन्हा घासली. पाचवी गोळी गुळगुळीत निघाली. "पापा, कॉम," असं डचमध्ये 'ये' म्हणत इरावती झेपावली. त्याने हात पाठीमागे नेले. "थांब गं, शिसं लागलंय. आधी साबण." माळ्यावरच्याच बेसिनवर त्याने कोपरापर्यंत हात धुतले. तो रोज ओल्या हातांनी खाली का येतो, हे नीरजाला आत्ता कळलं. "काही काम होतं?" त्याने विचारलं. "हो. इथे टॉवेल ठेवूया."