मैनाचं आवतण

"बाये, लोकांकडं खोट्याला लई नावं हायत. थाप म्हणतात, बतावणी म्हणतात, झाकपाक म्हणतात. धवल्यात त्यातलं एकबी चालत न्हाय. पितरांना आवतण देताना एक नाव गाळलंस, तरी ती लबाडीच."

आई जाऊन किती पावसाळे झाले, पण मांडवात बसली की सोनाबाईच्या कानात हा आवाज यायचाच. ती धवलारीण, आगऱ्यांची लग्नं लावणारी. खाडीकाठी तिच्या धवल्याशिवाय, त्या लग्नगाण्याशिवाय, कुणाला हळद लागत नसे. आधी गाण्यातून देवांना बोलवायचं. मग घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाला नावानं, की या, पाटाशी बसा, लेकरांना हात लावा.

आज मांडव नवरदेव गुणाजीच्या दारात होता. खाडीपल्याडची नवरीकडची माणसं होडीतून उतरून नुकती टेकली होती. नवरी रतन पाटावर बसली होती, हळद कालवलेली बोटं नव्या लुगड्याला लागू नयेत म्हणून फाकवून.

गुणाजीची आई वेणूबाई सोनाबाईच्या कानाशी लागून नावं सांगत होती. आजेसासरा, आजेसासू, सासरा, लहानपणी गेलेला दीर.

"अजून एक हाय ना, वेणूबाय?"

"न्हाय."

"मैना."

वेणूबाई हसत हसतच बोलली, कारण समोर व्याही बसला होता. "पोराचं पयलंच लगीन म्हनून सांगितलंय त्यांना. आनि आमी खोटं कुठं बोलतो? नुसतं बोलत न्हाय, एवढंच. तुझा ल्योक चंदर आमच्याच मिठागरावर कामाला हाय ना गो? मग गा कशी गोड."

स्वराज्य आलं त्या साली याच दारात सोनाबाईनं मैनाला हळद लावली होती. पुढच्या शिमग्याला मैनाला विहिरीतून वर काढलं. पाय घसरला, असं घर म्हणालं. गाव म्हणालं. अखेरची आंघोळ सोनाबाईनं घातली. तिनं मैनाची पाठ पाहिली, आणि बाहेर येऊन तीही म्हणाली, पाय घसरला.

सोनाबाई गाऊ लागली. डोंगरीचा देव आला, दर्याचा देव आला. आजेसासरा आला, आजेसासू आली, सासरा आला, दीर आला. नावं सरली. वेणूबाईनं लगेच हळदीची वाटी पुढं केली.

तेवढ्यात रतननं मान वर केली.

"आजी, माझ्या आयेलाबी बोलवा ना. गोदू नाव तिचं. ती आली तर मला भ्या वाटनार न्हाय."

सोनाबाईनं गोदूला बोलावलं. पण सूर तिथं थांबेना. तो तसाच पुढं गेला, परसदाराकडं.

"आवतण धाडा गो विहिरीच्या पान्याला,
तितं निजली मैना, तिला उठवा लग्नाला."

वाजंत्री थांबली. रतनचा बाप अंबाजी उभा राहिला.

"मैना कोन?"

"म्हातारी झाली ती," वेणूबाई घाईनं म्हणाली. "एका मांडवातलं नाव दुसऱ्या मांडवात घेते. व्हय का न्हाय रं, गुणाजी?"

गुणाजीची नजर परसातल्या विहिरीकडं गेली होती. अंबाजीनं ती नजर पाहिली.

सोनाबाईनं रतनची हळदीनं माखलेली बोटं आपल्या हातात घेतली.

"ह्याची पयली बायको, पोरी. तिला अखेरची आंघोळ मीच घातली. पाठभर काठीचे वळ होते."

जे एवढी वर्षं पोटात होतं ते गाण्यात नाही, साध्या बोलण्यात बाहेर आलं.

"तिचा पाय घसरला नव्हता."